राखीव पोरगी, न दिसलेला टच आणि इतर पत्रं

शालेय स्पर्धांचा सीझन चालू आहे म्हणून असेल, पण या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं खेळणाऱ्या पोरापोरींची नाहीतर त्यांच्या आईबापांची आलीत. आणि जवळपास सगळ्यांत एक वाक्य सारखं, "खेळातून आयुष्याचे धडे मिळतात म्हणतात, मग..." त्या मग नंतर खरी तक्रार. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, जी घेतलीत त्यांची उत्तरं देते. काही लांबलीत, इलाज नाही.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. शाळेच्या खो-खो संघात आहे पण कायम राखीव. यंदा तर एकाही सामन्यात उतरवलं नाही. सर म्हणतात ती संघभावना शिकतेय. ती म्हणते, आई मी फक्त पाण्याच्या बाटल्या भरायला शिकले. सोडू का म्हणून रोज विचारते. मी काय सांगू?
— एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, पहिली गोष्ट, पोरगी हुशार आहे, तिचं बाटल्यांचं वाक्य सरांच्या वाक्यापेक्षा खरं आहे.

मी स्वतः खो-खो खेळले, नंतर नोकरीत पीटीचे तास घेतले, आणि माझं मत असं झालंय की खेळ स्वतःहून कुणाला काही शिकवत वगैरे नाही. खेळ फक्त प्रसंग आणून पुढ्यात टाकतो. हरलात, बाहेर बसलात, पंचाने चुकीचं दिलं, मैत्रिणीचं सिलेक्शन झालं आणि तुमचं नाही झालं. त्यातून पोरगी काय उचलते ते त्यानंतर सर काय बोलले, घरी जेवताना काय बोललं गेलं आणि तिला पुढे काय करायला मिळालं यावर जातं. राखीव बसून एखादी पक्की होते आणि तितकंच राखीव बसून दुसरी कायमची खट्टू होते, दोन्ही मी बघितलंय.

आता गंमत बघा, खो-खोमध्ये बसणं हेच मोठं काम आहे. पाठलाग करताना नऊ जणी मैदानात, त्यातल्या आठ पाटीवर बसलेल्या, एक आड एक उलट्या दिशेला तोंड करून, आणि धावणारी एकटी. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही, रनर पलीकडे निसटली की हिला खो देण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणजे गडी बाद होतो तो बसलेल्या पोरी किती जाग्या आहेत त्यावर. आणि अतिघाई केली, खो मिळायच्या आधीच उठली, तर फाऊल. हे मी वर्गात कितीही समजावलं असतं तरी पोरींना कळलं नसतं, पाटीवर बसल्यावर पहिल्या आठवड्यात कळतं.

पण पाटीवर बसणं आणि मांडवात बसणं यात फरक आहे, आणि तो तुमच्या सरांनी गिळून टाकलाय. राखीव मुलीला काम दिलं तर ती शिकेल. समोरच्यांची तीन-तीनची तुकडी कुठल्या क्रमाने येते, कुठली रनर फक्त एकेरी साखळी खेळते, म्हणजे बसलेल्या पोरींमधून नागमोडी पळते, कुठली दमली की खांबाकडे पळते, हुलकावणी द्यायची सवय उजवीकडची का डावीकडची, हे बाहेरून जितकं दिसतं तितकं आतून दिसत नाही. एक वही द्यायची हातात. मध्यंतरात कॅप्टनने तिला विचारायचं, काय दिसलं. एवढं केलं की बाटल्यासुद्धा ती आनंदाने भरेल. हे काहीच न देता "संघभावना" म्हणणं म्हणजे सरांनी स्वतःचा प्रश्न सोडवला, पोरीचा नाही.

तुम्हाला कुणीतरी क्रिकेटर जेमिमा रॉड्रिग्जचं उदाहरण देईलच, म्हणून मीच देते. 2022 च्या वर्ल्ड कपला तिला संघात घेतलंच नव्हतं. 2025 च्या वर्ल्ड कपला घेतलं, आणि मध्येच इंग्लंडविरुद्धच्या मॅचला बाहेर बसवलं. त्यानंतर सेमीफायनलला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127, आणि आपण 339 चेस केले. ऐकायला झकास वाटतं. पण बाहेर बसलेल्या बहुतेक पोरी अशा परत येत नाहीत हेही मुलीला सांगा, नाहीतर ती स्वतःलाच दोष देत बसेल. जेमिमाच्या गोष्टीतला मला जास्त आवडलेला भाग वेगळाच आहे, त्या दिवसांत आपण घाबरलेलो होतो, रडत होतो, हे तिने नंतर सगळ्यांसमोर सांगितलं. तुमची मुलगी "सोडू का" म्हणते तेव्हा कदाचित तिला सोडायचं नसेल, फक्त वाईट वाटतंय एवढंच सांगायचं असेल.

करायचं काय, तर तुम्ही शाळेत भांडायला जाऊ नका. तिला स्वतः जाऊ द्या सरांकडे. "मला का घेत नाही" असं न विचारता "सर, मी कुठे कमी पडते" असं विचारायला सांगा. उत्तर नेमकं आलं, म्हणजे तू सूर उशिरा मारतेस, तू दुसऱ्या मिनिटाला दमतेस वगैरे, तर थांबायला अर्थ आहे कारण त्यावर काम करता येतं. उत्तर "बघू पुढे" असं आलं तर मग दहावीचं वर्ष आहे, सोडली तरी काही आभाळ कोसळत नाही. दुसऱ्या क्लबात जाऊन खेळता येतं, संध्याकाळी नुसतं पळायला गेली तरी चालेल. सोडणं म्हणजे हार मानणं हे आपल्याकडे उगाच डोक्यात बसवलेलं आहे.

प्रश्न : मी अकरावीत, कबड्डीत कॉर्नरला खेळतो. आमच्या फायनलला शेवटच्या मिनिटाला त्यांच्या रेडरचं बोट माझ्या खांद्याला लागलं. पंचांना दिसलं नाही. कॅप्टनने डोळ्यानेच गप्प रहा म्हणून सांगितलं, मी राहिलो. एका गुणाने जिंकलो. सगळे नाचले, मी पण नाचलो. आता झोप लागत नाही. कुणाला सांगू?
— नाव छापू नका, सांगली जिल्हा

उत्तर : मित्रा, सगळ्यात आधी एक ऐक, त्या रेडरला माहितेय. बोट लागलं की नाही हे रेडरला शंभर टक्के कळतं, तुला जितकं कळलं तितकंच. म्हणजे हे गुपित तसं तुझ्याकडे एकट्याकडे नाहीच.

निकाल आता बदलत नाही आणि बदलायला जाऊही नको, संयोजकांकडे अर्ज करून काही होणार नाही उलट तमाशा होईल. प्रो कबड्डीत कॅमेरे असतात, रिव्ह्यू घेता येतो, तालुक्याच्या मॅटवर असलं काही नसतं, तिथे दोन पंच आणि एक सरपंच आणि भोवती कल्ला करणारी पब्लिक. त्यामुळे असे टच सुटतात. जुने लोक सांगतात की मातीवर खेळायचो तेव्हा टच झाला की गडी स्वतः हात वर करून बाहेर जायचा. जायचे काही जण, खरंय. सगळे जायचे असं मात्र मला कुणी पटवू नये.

2003 च्या क्रिकेट वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला श्रीलंकेविरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या ॲडम गिलख्रिस्टला अंपायरने नॉट आऊट दिलेलं, तरी तो स्वतःहून चालता झाला. वर्ल्ड कपची सेमीफायनल, विचार कर. तेव्हा त्याच्या टीममधल्या सगळ्यांना ते पटलं होतं असंही नाही. म्हणजे तुझा कॅप्टन काही जगावेगळा वाईट माणूस नाहीये, तो जिंकायला बघत होता.

खरी अडचण अशी की त्या एका सेकंदात कुणीच विचार करत नाही. तेव्हा शरीर जे सवयीचं आहे ते करतं. तू आत्ता ठरवलंस की पुढच्या वेळी हात वर करणार, तरी प्रॅक्टिसला सवय नसेल तर मॅचला हात वर जाणार नाही, पैज लाव. म्हणून सरांना सांगून बघ, आठवड्यातून एकदा बिनपंचाचा सामना खेळायचा. टच लागला की ज्याला लागला त्याने बाहेर. पहिल्या दिवशी भांडणं होतील, लबाड कोण ते अर्ध्या तासात सगळ्यांना कळेल, आणि महिन्याभरात शांतपणे खेळ होईल. मी पोरांकडून हे करून घेतलंय, खो-खोत पण आणि कबड्डीत पण, आणि पंचावर ओरडणं कमी होतं हा वरचा फायदा.

कॅप्टनशी बोल, पण दोघंच असताना. आणि तो रेडर ओळखीतला असेल, असतोच, आसपासच्याच गावचा असणार, तर भेटला की सांग "लागलं होतं रे". तो दोन शिव्या देईल. घे.

प्रश्न : मी युनिव्हर्सिटीपर्यंत कबड्डी खेळलो. आता हिंजवडीला आयटीत आहे. प्रोजेक्ट संपल्यावर गेले काही महिने बेंचवर आहे, म्हणजे नोकरी आहे पण हातात काम नाही. मैदानात घाम गाळला की रिझल्ट दिसायचा, इथे कितीही करा कुणाच्या हातात काय असतं कळत नाही. मला तर वाटतं खेळाने मला चुकीचंच शिकवलं, मेहनत केली की फळ मिळतं म्हणून.
— वैतागलेला रेडर, पुणे

उत्तर : दादा, पॉइंट आहे तुमचा. मेहनत केली की फळ मिळतं हे खेळ शिकवतो असं बक्षीस समारंभात बोलतात, कारण तिथे फक्त जिंकलेले स्टेजवर असतात.

बीडचा अविनाश साबळे घ्या. 2022 च्या कॉमनवेल्थला बर्मिंगहॅममध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे 28 अडथळे आणि वर 7 पाण्याच्या उड्या, एवढं सगळं करून सोनं हुकलं ते 0.05 सेकंदाने. आता त्याने मेहनत कमी केली होती का? समोरच्या केनियाच्या खेळाडूने पण केली होती, एवढंच. पुढच्या वर्षी हँगझोच्या एशियन गेम्सला साबळेने सोनं घेतलं, पण तिथेही नसतं मिळालं तर बर्मिंगहॅमची धाव वाईट ठरली असती असं थोडीच आहे.

आणि तुम्ही कबड्डीवाले असून विसरलात कसे. रेडर बाद झाला की कुठे बसतो? बाहेर. परत आत कधी येतो? स्वतःच्या कर्तृत्वाने येऊ शकतो का? दुसऱ्या कुणीतरी गडी मारला तर हा जिवंत होतो, आणि तेही ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने, तुम्ही कितीही भारी रेडर असा, आधी बाद झालेला तो नवखा कव्हर आधी आत जाणार. बोनसने, म्हणजे समोरची बोनस रेषा ओलांडून, तर गुण मिळतो पण कुणी जिवंतही होत नाही. म्हणजे नियमातच लिहिलंय की काही वेळा तुमचं आत येणं दुसऱ्याच्या हातात आहे. खेळताना तुम्ही हे शेकडो वेळा केलं असेल आणि तेव्हा "मॅनेजमेंट अन्याय करतंय" असं वाटलं नसेल, कारण बाहेर बसून तुम्ही ओरडून सांगत होता ना, डावा कॉर्नर पुढे आलाय, बोनस घे म्हणून. बेंचवर असताना ते करा. सध्या आत खेळणारे जे कुणी तुमचे लोक आहेत त्यांना विचारा कशात मदत हवीये, त्यांच्या कामातला एखादा तुकडा उचला. पुढचा प्रोजेक्ट बहुतेक वेळा अशाच कुणाच्या तरी तोंडून नाव निघाल्याने मिळतो, हे मला माझ्या आयटीतल्या माजी विद्यार्थ्यांनी सांगितलंय, माझं स्वतःचं ज्ञान नाही.

खाशाबा जाधवांचं आपण फक्त ऑलिंपिकचं ब्राँझ लक्षात ठेवतो. 1948 ला लंडनला सहावे आले होते. 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. कुस्तीसारखा एकट्याचा खेळ, तरी आत जायला दुसरा माणूस लागलाच.

प्रश्न : मुलगा राज्य पातळीवर खेळतो. सर्टिफिकेटचा पुढे नोकरीला नक्की उपयोग होतो का? नाहीतर बारावीला अभ्यासच करू दे म्हणतो.
— वडील, नागपूर

उत्तर : होतो. दहावी-बारावीला ठरलेल्या पातळीवर खेळलेल्यांना सवलतीचे गुण आहेत, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, सैन्यदल यांचे स्वतंत्र मार्ग आहेत, पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत ब्राँझ घेणारा आपला राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसाळे रेल्वेतच तिकीट तपासनीस होता. पण कुठला खेळ, कुठली स्पर्धा, कितवा नंबर चालतो हे जीआरप्रमाणे बदलतं, तेव्हा जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन ताजं विचारा, व्हॉट्सॲपवरचं धरू नका. बोगस सर्टिफिकेटांची प्रकरणं झाल्यापासून पडताळणी कडक आहे, तेव्हा "दोन पैसे द्या, कागद देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागलात तर मुलाची नोकरी जाईल आणि वर केस.

आणि एक, त्याला स्वतःला काय करायचंय ते पत्रात कुठेच नाही.

प्रश्न : मी चौदा वर्षांचा आहे. अ‍ॅकॅडमीत सर चुकलं की पट्ट्याने मारतात, आईवरून शिव्या देतात. पप्पा म्हणतात असंच पोरं घडतात, आम्ही पण असेच घडलो. पण मला आता मैदानावर जायचं म्हटलं की पोटात दुखतं.
— नाव, गाव नको

उत्तर : बाळा, पोटात दुखतं ते नाटक नाहीये, आणि तू कमजोर पण नाहीयेस. सराव कडक असणं वेगळं, जास्तीच्या दहा फेऱ्या मारायला लावणं वेगळं, आणि पट्ट्याने मारणं वेगळं. शाळेत मुलांना मारायला कायद्याने बंदी आहे, आणि खासगी अ‍ॅकॅडमी काढली म्हणजे मारायचं लायसन मिळत नाही. मार खाऊन माणूस घाबरून खेळतो, घाबरलेला रेडर रेषेपाशी जाऊन परत येतो, हे कुणाही चांगल्या कोचला विचार.

आईला सांग, आज सांग. वळ असतील तर दाखव. घरात कुणीच ऐकलं नाही तर शाळेतल्या तुझ्या विश्वासातल्या बाईंना सांग, नाहीतर 1098 ला फोन कर, मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत, रात्री पण चालू असतो.

आणि पप्पा, तुम्ही हे वाचत असाल तर, तुम्ही घडलात ते मारामुळे की मार खाऊनही, हे तुम्हाला नक्की माहीत आहे का? त्या अ‍ॅकॅडमीतून पोरगं काढा. दुसरी सापडेपर्यंत महिना-दोन महिने घरी राहिला तर त्याचं करिअर बुडत नाही.

प्रश्न : हरले की मी दोन दिवस कुणाशी बोलत नाही, रडते. सगळे म्हणतात तुझ्यात स्पोर्ट्समन स्पिरिट नाही.
— बॅडमिंटनपटू, वय 16, नाशिक

उत्तर : समोरच्या मुलीशी नीट हात मिळवलास ना? पंचाला थँक्यू म्हटलंस? मग झालं स्पिरिट. घरी येऊन रडायला बंदी नाही. दोन दिवस जरा जास्त होतात, पुढच्या वर्षी दीडवर आण. तिसऱ्या दिवशी मॅचचा व्हिडिओ बघ, आणि हरलेले सगळे पॉइंट नको, फक्त दुसऱ्या गेमचे शेवटचे सहा-सात बघ, तिथे तू कुठे उभी होतीस तेवढंच. जास्त बघितलंस की परत रडू येतं, अनुभव आहे मुलींचा.

प्रश्न : मुलाच्या मॅचला आम्ही जावं का? तो म्हणतो येऊ नका, टेन्शन येतं.
— आई-बाबा, ठाणे

उत्तर : येऊ नका म्हणतोय तर विचारा का. बहुतेक वेळा उत्तर असतं, "बाबा बाहेरून कोचिंग करतात." तसं असेल तर बाबांनी लांब बसायचं, तोंडात शेंगदाणे ठेवायचे, म्हणजे ओरडता येत नाही. पंचांबद्दल एक शब्द काढायचा नाही, निदान घरी पोचेपर्यंत. परतीच्या गाडीत मॅचचा विषय त्याने काढला तरच. आणि मोबाईलवर शूटिंग करणार असाल तर फक्त स्वतःच्या लेकाचं नको, अख्खा डाव घ्या, फोन आडवा धरून, आणि कोचना पाठवा, शाळेच्या टीमकडे असलं काही नसतं त्यामुळे त्यांना फार उपयोगी पडतं.